पाटीवरचा काना

सोमवार, ५ फेब्रुवारी

प्रिय टिचू,

आपल्या शाळेच्या गणवेशाची बटणं पाठीमागे होती, आठवतं का तुला? मानेपासून कमरेपर्यंत. आई म्हणायची, हा गणवेश ज्या सिस्टरने ठरवला तिला घरी नक्की एखादी बहीण असणार. जिन्याच्या वळणावरच्या आरशासमोर मी तुझ्या मागे उभी राहायचे. तुझ्या दातांत पावाचा तुकडा, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. सगळ्यात वरच्या बटणात तुझा केस हमखास अडकायचा. "श्वास आत घे," मी म्हणायचे. "घेतलाय," तू पाव न सोडता म्हणायचीस. बटणं आपल्याच कारखान्याची, पांढरी, चार भोकांची, आणि काजं इतकी घट्ट की माझी बोटं दुखायची. एकदा तू विचारलंस, "ताई, तुझी कोण लावतं?" मी रुबाबात म्हटलं, "मी मोठी आहे." खरं म्हणजे तू उठायच्या आधी आई लावून द्यायची.

फोनवर माझं नाव दिसलं की तू तो कापतेस. काप. पत्र तसं कापता येत नाही. फार तर फाडशील, पण फाडायला तरी हातात घ्यावं लागेल.

नोव्हेंबरच्या बैठकीबद्दल लिहायचं आहे. तू म्हणशील, मी होतेच की तिथे. होतीस, पण टेबलाच्या पलीकडे होतीस आणि संतापलेली होतीस. एकदा माझ्या बाजूने ऐक.

काका गेले आणि खुर्ची रिकामी झाली. संचालक आपण तिघं. काकांचा मुलगा म्हणून दादा, बाबांच्या मुली म्हणून तू आणि मी. काका अंथरुणाला खिळले तेव्हापासून कारखाना तूच ओढत होतीस, तोही 'प्रभारी' म्हणून. दारावर पितळी पाटी मात्र काकांचीच, 'चेअरमन'. त्या दिवशी तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ही पाटी बदलायची. अध्यक्ष. बास." दादा म्हणाला, "खरंय बुवा, चेअरमनमध्ये मॅन आहे, तो आता काढावा लागणार," आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. आणि मी, जन्मभर मराठी शिकवलेली बाई, मध्ये तोंड घातलं. "अध्यक्ष कशाला? अध्यक्षा म्हणा की. किती गोड शब्द आहे."

एवढंच बोलले मी, टिचू.

दादाने तो शब्द वरच्यावर झेलला. "वा! ताईने मार्ग काढला. लिहा, अध्यक्षा." आणि लगेच पुढे, "अध्यक्षेच्या मदतीला एक मुख्य संचालक असू दे. रोजची कटकट तो बघेल." मला वाटलं, मदतच आहे, बरंच आहे. मी हात वर केला. तू केला नाहीस. दुपारपर्यंत कळलं की बँक, खरेदी, माणसं, सगळं मुख्य संचालकाकडे आणि अध्यक्षेकडे खुर्ची व फुलदाणी. मुख्य संचालक कोण, हे सांगायला नको. तू किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवलास. जाताना म्हणालीस, "तुझ्या एका कान्यात माझा कारखाना गेला, ताई."

ते वाक्य माझ्या घरात राहायला आलं आहे.

आता नवीन ऐक. दादा कारखाना चेनवाल्यांना विकतो आहे. पँटची, पर्सची, बॅगेची चेन बनवतात ते लोक. त्यांना आपली बटणं नकोत, जागा हवी आहे. म्हणतो, "बटण लावायला आजकाल वेळ कुणाला आहे? चेन ओढली की काम झालं." बावीस तारखेला बैठक आहे. मी विरोधात हात वर करीन, तो बाजूने करील. तू कागदावर अजून अध्यक्षा आहेस. राजीनामा दिलेला नाहीस. देऊ नकोस. ये.

तुझी
ताई

रविवार, ११ फेब्रुवारी

प्रिय टिचू,

उत्तर नाही. ठीक आहे. तू जिच्याकडे जाऊन राहिली आहेस त्या मैत्रिणीच्या घराला जिना फार आहे म्हणे, पोस्टमन दमत असेल.

तू मला पूर्वी चिडवायचीस, "ताई, तुझ्या हुद्द्याला शेपटी आहे." मुख्याध्यापक म्हटलं की माणूस उभा राहतो आणि मुख्याध्यापिका म्हटलं की शेपटी हलते, असं तुझं म्हणणं. मी हसायचे. पण त्या शेपटीसाठी मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. मी त्या खोलीत बसायला लागले तेव्हा बाहेर पाटी होती 'मुख्याध्यापक'. पालक दार ढकलून आत यायचे, माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "सर कुठे गेलेत?" मी म्हणायचे, "मीच आहे." ते म्हणायचे, "हो, पण सर?" एक गृहस्थ तर माझ्यासमोर अर्धा तास सरांची वाट बघत बसले. मी त्यांना चहासुद्धा दिला. शेवटी मी संस्थेशी भांडून पाटी बदलून घेतली. दुसऱ्या दिवशी दार ढकलणारा पहिला माणूस म्हणाला, "नमस्कार, बाई." बाई म्हणाला. मी दिसले त्याला. त्या 'पिका'ने मला दिसतं केलं, टिचू. म्हणून अध्यक्षा शब्द माझ्या तोंडून आला. तुला लहान करायला आला नाही. पाटी वाचूनच लोकांना कळावं की आत बाई बसली आहे, एवढीच माझी हौस.

तू म्हणशील, मला दिसायचं नाही, मला काम करायचं आहे. कळतं मला. तुझा दुसरा मुद्दाही मी विसरलेले नाही. मास्तरीण म्हणजे आधी मास्तरची बायको, डॉक्टरीण म्हणजे आधी डॉक्टरची बायको. बाईच्या हुद्द्यात पहिल्यापासून कुणीतरी नवरा बसलेला असतो. हे मला मान्य आहे. फक्त एवढं सांगते, आपल्या शाळेत सगळ्यात वरच्या खुर्चीत बसणारीला आपण 'मदर' म्हणायचो. ना मूल ना बाळ, तरी मदर. आणि तिच्यासमोर बिशपसुद्धा खुर्चीच्या टोकावर बसायचे.

बाबांची गोष्ट आठवते का? तू सात-आठ वर्षांची असशील. नमुन्यांच्या पेटीतून एक बटण उचलून तू विचारलंस, "बाबा, हे मुलाचं की मुलीचं?" बाबा म्हणाले, "बटणाला काय ठाऊक? काज कुठल्या बाजूला पाडायचं ते शिंपी ठरवतो." मला तेव्हा वाटलं, बाबांनी उत्तर टाळलं.

परवा दादा येऊन गेला. बसला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. पडद्यांचं कौतुक केलं. यापूर्वी त्याने माझे पडदे कधी पाहिले होते, देव जाणे.

थंडी कमी झाली आहे. तुझा करडा स्वेटर इथेच राहिला आहे.

ताई

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

टिचू,

तुझं कार्ड आलं. तीन महिन्यांचं भांडण असो की तीन तासांचं, तू लिहिणार एकच ओळ. "मी अध्यक्षा म्हणून येणार नाही."

खाली सहीसुद्धा नाही. टिचबटण ते टिचबटणच. बाबांनी नाव बरोबर ठेवलं होतं. दाबलं की टक्क करून बंद.

वाचून मी संतापले. तुला कळतंय का तू काय लिहिलंस? तू आली नाहीस तर बैठकीत एक विरुद्ध एक मत पडणार. बाबांनी लिहिलेल्या नियमात आहे, 'मते समसमान झाल्यास अध्यक्षांचे मत निर्णायक राहील.' ज्या खुर्चीत बसायला तू नाही म्हणतेस, तीच खुर्ची आज कारखान्याला वाचवू शकते. तू ती सोडत नाहीस तोवर ते मत दुसऱ्या कुणाचं होत नाही. आणि हे कार्ड दादाच्या हाती पडलं तर? तो म्हणेल, लेखी नकार आला, अध्यक्षपद रिकामं झालं. कार्ड मी आरशाच्या मागे सरकवून ठेवलं आहे. जिन्याच्या वळणावरच्याच. तो आरसा आता माझ्या खोलीत असतो.

रागात आहे तोवर दुसरंही सांगून टाकते. दादा त्या दिवशी पडदे बघायला आला नव्हता.

तो म्हणाला, "ताई, टिचू काही परत येत नाही. तूच अध्यक्षा हो."

मी म्हटलं, "मला काय कळतं बटणांतलं?"

"कळायचंय काय? बैठकीला यायचं, चहा प्यायचा, एक सही करायची. तुला शोभेल गं. शाळेतून निवृत्त झालीस तेव्हापासून घरात नुसती बसून असतेस. लोक पुन्हा बाई म्हणतील."

"आणि सही कशावर?"

"चेनवाल्यांच्या कागदांवर. बावीस तारखेच्या आत. म्हणजे बैठकीत वाद नको."

टिचू, मी लगेच नाही म्हटलं नाही. विचार करून सांगते म्हटलं. तो कागद ठेवून गेला आणि वर पेनही ठेवून गेला, चांगलं जड पेन. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. म्हटलं, बघून तरी येऊ. खोली उघडून घेतली. काकांची खुर्ची तशीच आहे, हातांवरचं कातडं गुळगुळीत झालेलं, मागे ती खिडकी, खिडकीतून बटणं घोळवणारे पॉलिशचे ढोल दिसतात. मी बसले. बसल्यावर कळलं की किती दिवसांत माझ्यासमोर टेबल नव्हतं. कुणीतरी दार वाजवेल आणि विचारेल, "बाई, आत येऊ का?" असं वाटत राहिलं. हे तुला सांगायची लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

दार वाजलं. मुकादम मावशी होत्या, पॉलिश खात्यातल्या. हाताला पांढरी भुकटी, कानात कापूस. त्यांनी मला खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि दारातच थांबल्या.

"तुम्ही होय," त्या म्हणाल्या. "दिवा दिसला म्हणून आले. वाटलं, धाकट्या आल्या."

"त्या नाही आल्या."

"मग तुम्ही बसणार का इथे?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मावशी, पाटीवर काय असावं, अध्यक्ष की अध्यक्षा?"

त्या म्हणाल्या, "मला कशाला विचारता? मला इतकी वर्षं मुकादम म्हणतात. उद्या कुणी मुकादमा म्हणायला लागलं तर कोर्टात खेचल्यासारखं वाटायचं." आणि हसल्या. मीही हसले. मग त्यांनी विचारलं, "ढोल बंद होणार, खरं का?" मी म्हटलं, "बावीस तारखेला ठरेल." त्या म्हणाल्या, "म्हणजे खरं," आणि गेल्या.

मी खुर्चीतून उठले. ती ढकलून टेबलाखाली सारली तेव्हा तिचा एक पाय डुगडुगतो हे लक्षात आलं. तू घडी करून ठेवलेला पुठ्ठा कुणीतरी काढून टाकलाय.

दादाचा काल फोन होता. "टिचूचं काही पत्र?" मी म्हटलं, "राजीनामा आलेला नाही." तो म्हणाला, "मी पत्र विचारलं." मी म्हटलं, "दादा, कुकर लावलाय," आणि ठेवला. सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, हे खोटं नाही पण खरंही नाही, आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं असतं.

कुकर लावलेला नव्हता.

येशील का? कुठलंही नाव लावून ये. नाव न लावता ये.

ताई

गुरुवार, २२ फेब्रुवारी, संध्याकाळ

टिचू,

तू आली नाहीस.

सकाळी निघताना मी दादाचे कागद आणि पेन पिशवीत घातले. सही न करताच. बैठकीच्या खोलीत चेनवाल्यांचा माणूस आधीच येऊन बसला होता, बुटांपासून कॉलरपर्यंत चकचकीत, आणि त्याच्या कोटाला बटणं होती. मी मुद्दाम मोजली. दादा वकिलांशेजारी. वकील तुला आठवत असतील, त्या उंच मुलीसारख्या दिसणाऱ्या, केस मागे घट्ट बांधलेल्या. दादा त्यांना सारखं "वकीलसाहेब, वकीलसाहेब" करतो. तेव्हा त्याच्या जिभेला काही होत नाही.

तुझी खुर्ची रिकामी. दादा तिच्यात बसायला निघाला. मी म्हटलं, "दादा, तुझी जागा ती." तो हसून बसला, पण त्याचे कान लाल झाले. लहानपणी पत्त्यांत चोरी करायचा तेव्हा व्हायचे तसे.

मी कागद त्याच्यासमोर ठेवले. "मला अध्यक्षा व्हायचं नाही."

"का गं? तुझाच शब्द."

"शब्द माझा. खुर्ची तिची."

मतं घेतली. एक, एक. चेनवाल्यांचा माणूस घड्याळ बघायला लागला. दादा म्हणाला, "समसमान. मग निर्णायक मत माझं. मी मुख्य संचालक, बैठक मी चालवतोय."

मी म्हटलं, "नियम वाचा."

वकिलांनी वाचला. 'मते समसमान झाल्यास अध्यक्षांचे मत निर्णायक राहील.'

"झालं तर," दादा म्हणाला. "अध्यक्षांचं. आपल्याकडे अध्यक्ष आहे कुठे? आपण नेमली ती अध्यक्षा. मानाचं पद. नियमात तिचा उल्लेखच नाही. नोव्हेंबरमध्ये ताईच म्हणाली, अध्यक्ष नको, अध्यक्षा म्हणा. आता ध चा मा करू नकोस, ताई."

सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणजे नोव्हेंबरमध्ये त्याने माझा शब्द उगाच झेलला नव्हता. तेव्हापासून हे त्याच्या खिशात होतं. आणि तू ते त्याच दिवशी ओळखलं होतंस.

मग शेवटच्या बाकावरच्या मुलीला उभं करावं तसं मी म्हटलं, "वकीलसाहेब, अध्यक्ष हा शब्द चालवून दाखवा. आदरार्थी, षष्ठी."

त्या दचकल्या. "म्हणजे? अध्यक्ष... अध्यक्षांचे."

"बरोबर. आता अध्यक्षा."

"अध्यक्षा..." त्या थांबल्या. ओठ हलले, आवाज आला नाही. मग हळूच म्हणाल्या, "अध्यक्षांचे."

"काय फरक आहे?"

"काही नाही."

दादा म्हणाला, "हे काय चाललंय? शाळा आहे का ही? आणि अध्यक्षेचे असंही होतं की! मी स्वतः म्हणतो, अध्यक्षेच्या मदतीला, अध्यक्षेचे."

"होतं," मी म्हटलं. "एकेरीत होतं. तू एकेरीत म्हणत आलास म्हणून तुला वेगळं ऐकू येतं. बाबांनी सगळा नियम आदराने लिहिलाय. बाबा घरातल्या मांजरालासुद्धा अहो म्हणायचे. आदराने म्हटलं की तो काय आणि ती काय, दोघांचं मत एकाच शब्दात मावतं."

खिडकीच्या पलीकडे ढोल फिरत होता, खडीवरून कुणी न थांबता धावत असावं तसा आवाज. दादा वकिलांकडे वळला. "वकीलसाहेब, हे व्याकरण आहे. कायदा सांगा."

त्यांनी नियम पुन्हा वाचला, मनात. मग म्हणाल्या, "नियमात दुसरा कुठला अध्यक्ष नाही. पद एकच आहे आणि ते ज्यांना दिलं त्यांनी सोडलेलं नाही. मी असं लिहीन की निर्णायक मत त्यांचं. त्या हजर नाहीत म्हणून बैठक तहकूब. पुढच्या बुधवारी अकराला. त्या दिवशीही आल्या नाहीत तर मात्र हजर असलेल्या संचालकांमधून बैठकीपुरता अध्यक्ष निवडावा लागेल." आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्यांच्याकडून लेखी काही आलंय का?"

आरसा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी म्हटलं, "राजीनामा आलेला नाही." या वेळी कुकर नव्हता. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

बाहेर पडताना दादा जिन्यात माझ्याशेजारी आला. चिडलेला नव्हता, हेच जास्त वाईट. "ताई, टिचू येणार नाही. मी ओळखतो तिला. तिच्या नाकावर बसलेली माशी तिला कारखान्यापेक्षा मोठी. बुधवारी तू आणि मी दोघंच असू, आणि तुझं व्याकरण संपलेलं असेल." मग म्हणाला, "तुमच्या बाबांनी तुमच्यासाठी नियम लिहिले. माझ्यासाठी कुणी काय लिहिलं?" काका त्याला कधी शाबास म्हणाले नाहीत, हे आपण दोघींनी पाहिलं आहे.

आता माझं ऐक आणि मग ठरव. मी जिंकले असं घरी येताना वाटत होतं. रिकामा डबा घेऊन मावशी फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "अध्यक्ष आल्या नाहीत?"

आल्या. अध्यक्ष आल्या. मी रस्त्यात थांबले. टिचू, मी जन्मभर क्रियापदं शिकवली आणि मला हे कुणीतरी फाटकाशी म्हणेपर्यंत ऐकू आलं नाही. तू पाटीवर काहीही लिही, शब्दाला काना दे की देऊ नकोस, लोक तुझ्याबद्दल एक वाक्य बोलले की तू बाई आहेस हे त्यात येणारच. आल्या, म्हणाल्या, सही केली त्यांनी, ओरडल्या आज. माझी जी हौस होती ती आपल्या भाषेने आधीच पुरवून ठेवली आहे. दार ढकलणाऱ्यांना कदाचित एकदा सर शोधावे लागतील. शोधू देत. तू चहा देऊ नकोस म्हणजे झालं.

मला अजूनही अध्यक्षा शब्द गोड वाटतो. तो तुझ्या अंगावर घट्ट होतो, हे मला दिसायला हवं होतं. तुझी बटणं लावताना मला दिसायचं.

तर बुधवारी असं होईल. तू खुर्चीत बसशील. पहिला विषय मी मांडीन, पदाचं नाव 'अध्यक्ष' करावं. तुझं आणि माझं, दोन मतं. मग दुसरा विषय, चेनवाले. पण पहिला विषय होईपर्यंत तुला अध्यक्षा म्हणूनच बसावं लागेल. फार वेळ नाही. तेवढा वेळ माझा काना सोस.

पत्र आजच धाडते आहे, मावशींच्या भाच्याच्या गाडीने. उद्या पोचेल.

ताई

बुधवार, २८ फेब्रुवारी, सकाळ

टिचू,

तुझा निरोप मिळाला. "सकाळच्या गाडीने येते. बाकी काही ठरवलेलं नाही." दोन वाक्यं! मी कुणाकुणाला वाचून दाखवावीत असं झालं होतं.

मी स्टेशनवर येणार नाही. दादा लवकर पोचला तर खुर्ची धरून बसेल, म्हणून मी साडेनऊपासून खुर्चीशेजारी उभी राहणार आहे. पायाखाली पुठ्ठा घातला आहे, डुगडुगत नाही. तुला घ्यायला मुकादम मावशी येतील आणि हे पत्र व पिशवी देतील. तू काय ठरवणार हे मला माहीत नाही. पायऱ्या चढताना विचार कर, आणि वरच्या पायरीवर श्वास आत घे.

पिशवीत काय आहे आणि कुणाचं आहे, ते सांगते.

करडा स्वेटर तुझा. खोलीत गार असतं, तू विसरशील.

नमुन्यांची जुनी पेटी, बाबांची, मावशींना दे. तू येणार की नाही हे ठाऊक नसताना त्या रोज सकाळी तुझ्या खोलीचं टेबल पुसत होत्या. देताना हे बोलू नकोस, नाहीतर घेणार नाहीत.

जड पेन दादाचं आहे, त्याला परत कर. 'चेअरमन'ची पितळी पाटीही त्यालाच दे, बैठक झाल्यावर, आणि चारचौघांत नको. त्याच्या वडिलांची आहे. मी चकचकीत करून घेतली आहे. निकाल काहीही लागला तरी त्याला ती मिळू दे.

कार्ड तुझं तुला. आरशामागे होतं म्हणून जरा वाकलं आहे. फाडून टाक, पण पिशवीत नको, दादा पिशव्या बघतो.

तळाशी कापडात गुंडाळलेली लाकडी पाटी आहे. डिसेंबरमध्ये केली होती, तू परत येशील तेव्हा लावायची म्हणून. सांगितलं नव्हतं. पितळी अक्षरं आहेत, एकेक स्क्रूवर बसवलेली, 'अध्यक्षा'. शेवटचा काना वेगळा बसवला आहे, त्याला दोन स्क्रू आहेत. ते मी सैल केले आहेत, काढले नाहीत. ते काम अध्यक्षांचं. पेचकस स्वेटरच्या खिशात आहे. काढलास तर शब्दानंतर थोडी जागा मोकळी राहील आणि लाकडात दोन भोकं दिसतील. तशीच राहू देत, बुजवू नकोस. कुणी विचारलं तर सांग, इथे माझ्या बहिणीचं काहीतरी होतं.

आणि काना टाकू नकोस. तो मला दे.

ताई